शिष्यवृत्ती मिळेल, पण घरातून ‘हो’ मिळेल काय?



सोयाबीनची काढणी ऐन भरात असते. मजूर मिळत नाहीत, आभाळ भरून आलेले असते आणि मळणीयंत्राचा नंबर उद्यावर गेलेला असतो. अशा वेळी नववीतली मुलगी दप्तरातून घडी घातलेला एक कागद काढते आणि भीत भीत म्हणते, “आबा, सरांनी सही मागितलीय.” कागदावर लिहिलेले असते की शाळेतल्या काही मुलांना शास्त्रीय अभ्यासासाठी आठ दिवस बाहेर नेणार आहेत, खर्च काही नाही. तुम्ही कागदाकडे बघता, मग खळ्याकडे बघता आणि म्हणता, “पुढच्या साली बघू.”

कागद पुन्हा दप्तरात जातो. पुढच्या साली तो येत नाही, कारण मुलगी तोवर पुढच्या वर्गात गेलेली असते.

यात तुमचे चुकले असे कसे म्हणावे? घरातले दोन हात आठ दिवस कमी झाले तर काय होते, हे ज्याचे शेत आहे त्यालाच ठाऊक. तरीपण आज त्या कागदाबद्दलच चार गोष्टी सांगायच्या आहेत. अशा कागदावर सही झाली तर पुढे काय घडू शकते, याचे दाखले आहेत. ते लांबच्या मुलखातले आहेत, पण ऐकण्यासारखे आहेत.

जहाजावर गेलेला पोरगा

१९२१ सालची गोष्ट. सर अर्नेस्ट शॅकलटन या नामांकित दर्यावर्दीने दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्रात ‘क्वेस्ट’ नावाचे छोटे जहाज न्यायचे ठरवले. नकाशे करायचे, तिकडचे प्राणी-पक्षी बघायचे, असा बेत होता. खर्चाचा मोठा भार जॉन रोवेट या त्याच्या शाळासोबत्याने उचलला होता. शॅकलटनच्या मनात आले, की जहाजावर बालवीर पथकातला, म्हणजे स्काउटमधला, एखादा तरुण मुलगा घ्यावा. वर्तमानपत्रात जाहीर झाले आणि सुमारे १७०० मुलांनी अर्ज केले. त्यांतून दहा जणांना भेटीला बोलावले. शेवटी एकाऐवजी दोघांची निवड झाली. दोघेही स्कॉटलंडचे होते. एक जेम्स मार, वय १८, आणि दुसरा नॉर्मन मूनी.

मूनीला समुद्र लागला. उलट्यांनी तो बेजार झाला, तेव्हा वाटेतल्या मदेरा बेटावरून त्याला परत पाठवावे लागले. हे मुद्दाम सांगतो, कारण असे होऊ शकते. मूल अर्ध्या वाटेवरून परत आले तर त्यात कमीपणा नाही. बैलसुद्धा पहिल्याच दिवशी औताला सरावत नाही.

मार मात्र टिकला. पुढे जे घडले ते कुणाच्या मनातही नव्हते. ५ जानेवारी १९२२ रोजी दक्षिण जॉर्जिया बेटाजवळ शॅकलटनचे हृदयविकाराने निधन झाले. ज्याच्या भरवशावर पोरगा घरातून निघाला, तोच माणूस गेला. तरी मोहीम मोडली नाही. फ्रँक वाइल्ड या जुन्या साथीदाराने सूत्रे हाती घेतली आणि त्याच वर्षी जहाज सुखरूप परत आले.

मार घरी आला आणि त्याने शिक्षण पुरे केले. पण समुद्राने त्याला धरले ते कायमचे. तो सागरी जीवशास्त्रज्ञ झाला. आपल्या बाजारात वाळवलेला जवळा मिळतो, तशाच जातकुळीचा, पण थोडा मोठा असा ‘क्रिल’ नावाचा बारीक जीव दक्षिणेकडच्या समुद्रात कोट्यवधींच्या थव्यांनी राहतो. देवमाशासारखे अजस्र प्राणी त्याच्यावर जगतात. या क्रिलवर मारने वर्षानुवर्षे काम केले आणि १९६२ साली आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. अठराव्या वर्षी केलेल्या एका प्रवासाचे असे चाळीस वर्षे पीक येत राहिले.

पाण्याचे नळकांडे आणि वारा

दुसरा दाखला अमेरिकेतला. १९२८ साली रिचर्ड बर्ड या आरमारी अधिकाऱ्याने अंटार्क्टिकावर मोहीम नेली. त्यानेही एक बालवीर बरोबर घ्यायचे ठरवले. देशभरातून शोध घेऊन पॉल सिपल या १९ वर्षांच्या मुलाची निवड झाली. पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एरी गावचा हा मुलगा. मोहिमेत त्याने कुत्र्यांची देखभाल केली आणि संग्रहालयासाठी सील व पेंग्विन यांचे नमुने गोळा करायला मदत केली. काम कष्टाचे आणि हात थिजवणारे होते.

हाच सिपल पुढे शास्त्रज्ञ होऊन पुन्हा अंटार्क्टिकावर गेला. १९४०-४१ च्या सुमारास त्याने आणि चार्ल्स पॅसेल या सहकाऱ्याने एक साधा प्रयोग केला. प्लास्टिकच्या छोट्या नळकांड्यात पाणी भरायचे, ते छपरावर वाऱ्यात टांगायचे आणि पाणी गोठायला किती वेळ लागतो ते लिहून ठेवायचे. वारा किती, थंडी किती, वेळ किती, एवढ्याच नोंदी. पण त्यातून एक हिशेब निघाला. थंडी तेवढीच असली तरी वारा वाढला की अंगातली ऊब किती वेगाने निघून जाते, याचा तो हिशेब. जगभरातल्या थंड देशांत ‘एवढे अंश थंडी आहे, पण वाऱ्यामुळे एवढी भासेल’ असे हवामानवाले सांगतात, त्याची सुरुवात इथून झाली.

ही गोष्ट तुम्हांला शिकवायला नको. पौष महिन्यात गव्हाला रात्रीचे पाणी देताना वारा पडलेला असला तर थंडी सोसते आणि वारा सुटला की तीच थंडी हाडांत शिरते. फरक एवढाच, की तुम्ही ते अंगावर सोसले आणि सिपलने ते मोजून लिहिले.

१९५७ साली दक्षिण ध्रुवावर माणसांनी पहिला हिवाळा काढला. तेव्हा तिथल्या शास्त्रज्ञांचा प्रमुख हाच सिपल होता. त्या मुक्कामात पारा उणे ७४ अंश सेल्सिअसच्याही खाली गेला होता.

मुलींचे काय?

तुम्ही म्हणाल, हे दोघे मुलगे. त्या काळी मुलींना कोण जहाजावर घेत होते? खरे आहे, घेत नव्हते. पण काळ पुढे सरकला.

१९७१ साली अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात ‘अर्थवॉच’ नावाची संस्था सुरू झाली. शास्त्रज्ञांना रानावनात आणि समुद्रकाठी मोजणीच्या कामाला माणसे लागतात. संस्था साध्या माणसांना त्या कामावर पाठवते. रात्री किनाऱ्यावर फिरून कासवांची घरटी मोजणे हे असेच एक काम. जाणारा माणूस स्वतःच्या खर्चाचा वाटा देतो. पण शाळकरी मुलांनी तो कुठून द्यायचा? म्हणून देणगीदारांच्या पैशांतून मुलांसाठी शिष्यवृत्त्या निघाल्या आणि पंधरा-सोळा वर्षांची मुले-मुली संशोधकांच्या हाताखाली काम करू लागली.

पुढे १९९९ साली एरिन पेटिट आणि मिशेल कोप्स या दोन हिमशास्त्रज्ञ स्त्रियांनी वॉशिंग्टन राज्यातल्या कॅस्केड पर्वतावर मुलींना हिमनदीवर न्यायला सुरुवात केली. या उपक्रमाचे नाव ‘गर्ल्स ऑन आइस’, म्हणजे बर्फावरच्या मुली. सोळा-सतरा वर्षांच्या मुलींची छोटी तुकडी असते. बरोबर जाणाऱ्या शास्त्रज्ञ, वाटाड्या आणि चित्रकार, सगळ्या स्त्रियाच. मुक्काम तंबूत. मुलींकडून शिकवण्याचे शुल्क घेत नाहीत. बूट, कपडे, दोर यांची अडचण असेल तर तेही वापरायला देतात. आधी डोंगर चढल्याचा अनुभव हवा, अशी अट नाही.

तिथे जाऊन मुली काय करतात? हिमनदी म्हणजे डोंगरावर साचलेल्या बर्फाचा प्रचंड साठा. तो स्वतःच्या वजनाने सावकाश खाली सरकतो आणि उन्हाळ्यात वितळून ओढ्यांना पाणी पुरवतो. हिवाळ्यात जमा आणि उन्हाळ्यात खर्च, असा त्याचा ताळेबंद असतो. हा ताळेबंद मांडायला शास्त्रज्ञ बर्फात खोल भोक पाडून खांब रोवतात. उन्हाळा संपला की खांब किती उघडा पडला ते मोजतात. जेवढा उघडा पडला, तेवढा बर्फ गेला. त्या पर्वतातल्या साउथ कॅस्केड हिमनदीची अशी मोजणी १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून चालली आहे आणि ती हिमनदी मागे हटत गेल्याचे त्यावरूनच लिहून ठेवता आले.

मुली हे बघतात आणि स्वतःचा एखादा प्रश्न निवडतात. बर्फावर काळी माती पसरली तर बर्फ लवकर वितळतो की उशिरा? पातळ थर असेल तर लवकर, कारण काळा रंग ऊन ओढून घेतो. जाड थर असेल तर उशिरा, कारण मग तो थर गोधडीसारखा बर्फाला झाकून ठेवतो. असे प्रश्न पुस्तकात वाचणे वेगळे आणि हातात पट्टी घेऊन मोजणे वेगळे. शेवटी मुली गावात परत येऊन लोकांसमोर उभ्या राहतात आणि आपण काय मोजले ते सांगतात.

आपल्या मुलींनी उद्या तिकडे अर्ज करावा म्हणून हे सांगत नाही. आपल्या नद्या पावसाच्या आहेत, बर्फाच्या नाहीत. सांगायचे ते एवढेच, की तिथल्या आईबापांच्या पोटातही भीती होतीच. सोळा वर्षांची मुलगी बर्फावर तंबूत झोपणार म्हटल्यावर कुणाच्या घशाखाली घास उतरेल? पण बरोबर कोण आहे, राहणे कुठे आहे, धोका आला तर काय करणार, हे विचारून त्यांनी मुलींना जाऊ दिले.

शेतकऱ्याचे पोर यात कमी नाही

अशा कामाला मुलामध्ये काय लागते ते बघा. उन्हातान्हात उभे राहता आले पाहिजे. एकच गोष्ट रोज ठरल्या वेळी न कंटाळता बघता आली पाहिजे. जे दिसले तेच लिहिले पाहिजे, मनाचे घालून नाही. आणि ‘असे का?’ हा प्रश्न पडला पाहिजे.

यांतल्या पहिल्या दोन गोष्टी तुमच्या पोराकडे जन्मापासून आहेत. कपाशीत कामगंध सापळे लावल्यावर रोज सकाळी पतंग कोण मोजते? बऱ्याच घरांत ते पोरांचेच काम असते. सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग आले की बोंडअळीची फवारणी करायची, हे गणित कीटकशास्त्रज्ञांनी अशाच मोजणीतून काढलेले आहे. आपल्या राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा ठरावीक विहिरींची पाणीपातळी वर्षातून चार वेळा मोजते. त्या नोंदींवरून कुठल्या भागात पाणी किती खाली गेले ते कळते. हिमनदीतला खांब आणि विहिरीत सोडलेली मोजपट्टी यांत तत्त्वाचा फरक काहीच नाही.

उणीव असते ती तिसऱ्या गोष्टीची, लिहिण्याची. ‘यंदा विहीर लवकर खाली गेली’ असे आपण म्हणतो. किती फूट आणि किती तारखेला, ते लिहून ठेवत नाही. आज पोराच्या हातात एक वही द्या. पाऊस, विहिरीचे पाणी, सापळ्यातले पतंग, यांतले कोणतेही एक त्याने वर्षभर लिहावे. उद्या अर्जात ‘तुम्ही काय केले आहे?’ असा रकाना आला, तर त्या वहीएवढे चांगले उत्तर दुसरे नाही.

आपल्याकडे काय आहे?

सही करण्यासारखे कागद आपल्या शाळांतही येतात. त्यांची माहिती घरात असावी.

राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३ पासून भरत आली आहे. १० ते १७ वर्षांची मुले यात भाग घेतात. प्रयोगशाळा लागत नाही. आपल्याच गावातला एखादा प्रश्न निवडायचा, हिंडून माहिती गोळा करायची, मोजायचे आणि निष्कर्ष मांडायचा. चांगला प्रकल्प जिल्ह्यातून राज्याला आणि राज्यातून देशाच्या परिषदेला जातो. शेतातला प्रश्न घेऊन उभा राहिलेला मुलगा इथे बिचकत नाही, कारण त्याने तो स्वतः बघितलेला असतो.

इन्स्पायर-मानक या केंद्र सरकारच्या योजनेत शाळेकडून मुलांच्या नव्या कल्पना पाठवल्या जातात. निवड झाली तर नमुना तयार करायला १०,००० रुपये मुलाच्या बँक खात्यात येतात. सहावीपासूनची मुले यात बसतात. नावे शाळाच पाठवते, म्हणून मुख्याध्यापकांना भेटून विचारावे.

एनएमएमएस, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलांची शिष्यवृत्ती, ही थेट संशोधनाची नाही. पण संशोधनापर्यंत पोचायचे तर आधी शाळा टिकली पाहिजे. आठवीत परीक्षा होते. पास होऊन निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. आईवडिलांचे मिळून उत्पन्न साडेतीन लाख रुपयांच्या आत असावे लागते आणि मूल सरकारी, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत असावे लागते. परीक्षा पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते.

बारावीनंतर इन्स्पायरचीच उच्च शिक्षणाची शिष्यवृत्ती आहे. बोर्डात वरच्या एक टक्क्यात आलेला मुलगा किंवा मुलगी मूलभूत विज्ञानाच्या पदवीला गेली, तर वर्षाला ८०,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. त्यांतले २०,००० रुपये खास उन्हाळ्यातल्या संशोधनाच्या कामासाठी असतात. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, भूगर्भशास्त्र असे विषय यात येतात. इंजिनिअरिंग, डॉक्टरकी किंवा कृषी पदवीला ही शिष्यवृत्ती नाही. हे आधीच माहीत असावे, म्हणजे नंतर हळहळ होत नाही.

अटी आणि तारखा दरवर्षी बघून घ्याव्यात. पण तीन कागद आजच तयार ठेवता येतात. मुलाच्या नावाचे, आधारशी जोडलेले बँक खाते, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि शाळेच्या दाखल्याशी जुळणारे, एकाच प्रकारे लिहिलेले नाव. कुठे ‘रामचंद्र’ आणि कुठे ‘रामचंद’ असले, तर मुलाचे पैसे एका अक्षरापायी अडकून राहतात.

सही करण्याआधी विचारा

डोळे मिटून सही करा, असे आम्ही म्हणणार नाही. शाळेत जा आणि विचारा. बरोबर कोणकोण शिक्षक आहेत? मुली असतील तर बाई शिक्षिका आहेत का? मुक्काम कुठे, रात्री दाराला कडी आहे का, शौचालय आहे का? मूल आजारी पडले तर जवळचा दवाखाना कोणता? विम्याचे काय? घरी फोन कधी करता येईल? जे शिक्षक या प्रश्नांची सरळ उत्तरे देतात, त्यांच्या हाती मूल सोपवायला हरकत नाही. जे चिडतात, त्यांच्याकडून आधी लेखी घ्या.

आणि एक खूणगाठ बांधा. ‘शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे, आधी अमुक रक्कम भरा’ असा फोन आला, तर तो फसवणुकीचा समजा. बँकेचा गुप्त क्रमांक कुणालाही सांगू नका. शंका आली तर थेट मुख्याध्यापकांना गाठा.

राहता राहिला तो आठ दिवसांचा प्रश्न. कामाचा खोळंबा होतो, हे खोटे नाही. पण लग्नकार्यासाठी, जत्रेसाठी, पाहुण्याच्या आजारपणासाठी आपण घरातला माणूस आठ दिवस सोडतोच. तेव्हा शेजारी हात देतो, भाऊबंद सावड करतात. पोराच्या शिक्षणासाठीही एकदा सावड मागून बघा. आज तुमच्या मुलीसाठी शेजारच्या काकू शेतात आल्या, तर पुढच्या वर्षी त्यांच्या मुलासाठी तुम्ही जा. माऊल्यांनो, यात तुमचा शब्द मोठा आहे. ‘जाऊ द्या तिला, मी बघते’ एवढे तुम्ही म्हणालात, तर बहुतेक घरांत सही होते.

जेम्स मारच्या घरात १९२१ साली काय बोलणे झाले असेल, ते आज आपल्याला ठाऊक नाही. शॅकलटनने निवड केली, पैसा रोवेटने घातला. पण त्या अठरा वर्षांच्या पोराला दारातून ‘जा’ म्हणणारे घरचेच कोणीतरी असणार. खर्च परका माणूस उचलू शकतो, ‘जा’ मात्र घरच्यांनाच म्हणावे लागते.

तेव्हा आज संध्याकाळी दिवेलागणीला पोरांना जवळ बोलवा आणि विचारा, “शाळेतून काही कागद आलाय का गं?” कदाचित तो दप्तराच्या तळाशी घडी होऊन पडलेला असेल.